दबक्या आवाजाचं घर

आमच्या घरात मोठ्याने बोलण्याचा हक्क फक्त अण्णांना होता. अण्णा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. भात त्यांच्या हुकमाने पेरलं जायचं, काजू त्यांच्या हुकमाने विकला जायचा, आणि पडवीत बसून ते खाकरले की माजघरातली भांडीसुद्धा हळू वाजायची. बाकी आम्ही सगळे घशातल्या घशात बोलायचो. त्यात माझ्या आईचं तर वेगळंच. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून आई अण्णांशी एक शब्द बोललेली नव्हती. अण्णा हाकेच्या अंतरावर बसलेले असायचे आणि आई मला मध्ये घालून म्हणायची, "त्यांना म्हनावं, पेज काढलीय." अण्णा ते ऐकायचे आणि मलाच उत्तर द्यायचे, "सांग, हात धुवून येतो." मी दोघांच्या मधे उभी असायचे. मला वाटायचं सगळ्या घरांत असंच बोलतात.

वडील मुंबईला छापखान्यात होते. गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत ते बाकीच्यांबरोबर राहायचे आणि शिमग्याला नि गणपतीला घरी यायचे. आमचं गाव हेदवीच्या अलीकडे, वर कातळावर. गावातल्या निम्म्या बायकांचे नवरे असेच वर्षाला दोनदा भेटणारे, त्यामुळे आईचं काही वेगळं आहे असं कुणाला वाटायचं नाही. आईला मात्र वाटत होतं. तिला मुंबईला जायचं होतं, नवऱ्याजवळ, स्वतःच्या चुलीपाशी. कुणा पाव्हण्याने एकदा अण्णांपाशी हा विषय चाचपून पाहिला होता. अण्णा एवढंच म्हणाले, "चुली दोन झाल्या की घर संपला." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. म्हणजे मोठ्याने काढला नाही.

घरात चौथी व्यक्ती मोठी आई, अण्णांची बायको. तिला मूल नव्हतं. मी आईच्या पोटची आणि मोठ्या आईच्या मांडीवरची. नहाणीत पाणी आई ओतायची आणि पाठ मोठी आई चोळायची. फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजी आईने करावी आणि घावन मोठ्या आईने, अशी त्यांची वाटणी होती. दोघी जावा चुलीपाशी बसून इतकं हळू बोलायच्या की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं लाकडंच चुरचुरतायत. त्या दोघींचं भांडण झालेलं मला आठवत नाही. ही गोष्ट आज सांगितली तर लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि मलाही हल्लीच्या मालिका पाहून कधी कधी शंका येते.

ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षी आम्हाला इंग्रजी शिकवायला मुकादम सर आले. खालच्या मोहल्ल्यातले. तरुणपणी ते मोठ्या बोटींवर खानसाम्याच्या हाताखाली होते आणि साहेब लोक केबिनमध्ये टाकून गेलेली पुस्तकं त्यांनी जमवली होती. ती सगळी हेरांची, खुनांची, दगाबाजीची. सरांचं इंग्रजी त्याच पुस्तकांवर पोसलेलं. त्यामुळे आमच्या वर्गाला भोपळ्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, पण कटकारस्थानाची विशेषणं तोंडपाठ होती. तपासणीला साहेब आले आणि त्यांनी एका मुलाला मांजरावर वाक्य करायला सांगितलं, तर त्याने मांजराच्या हालचालीला असं काही विशेषण लावलं की साहेब चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले.

सरांचा एक सिद्धांत होता. ते म्हणायचे, "पोरांनो, विशेषणाची सोयरीक ठरलेली असते. कुणालाही कुणाच्याही गळ्यात बांधू नका." मग ते फळ्यावर न लिहिता, खिडकीशी उभे राहून सोयरिकी लावायचे. फर्टिव्ह म्हणजे चोरटी, ती नजर. एकट्या माणसाची, आणि बहुतेक भ्यालेल्या माणसाची. सरेप्टिशस ते हाताचं काम, सगळ्यांच्या देखत करायचं आणि कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही. स्टेल्थी ते दबकं पाऊल. क्लँडेस्टाइन म्हणजे आधी ठरवून केलेली भेट. "मांजर स्टेल्थी असते," सर म्हणायचे, "पण मांजर क्लँडेस्टाइन होऊ शकत नाही. तिला कुणाबरोबर काय ठरवायचं असतं?" आणि कॉन्स्पिरेटोरियल, म्हणजे कटवाल्यांचं, जे म्हणताना आमच्या जिभेला गाठ पडायची, ते कुजबुजीला आणि डोळा मारण्याला. त्याला निदान दोघं लागतात आणि दोघांचं आधी जमलेलं लागतं.

मला हे वेड लागलं. दप्तर घेऊन कातळावरून घरी येताना मी वाटेतल्या माणसांना विशेषणं लावत यायचे. आणि मग एक दिवस, शिमगा जवळ आलेला असताना, स्वयंपाकघराच्या दारात पाय ठेवला आणि लक्षात आलं की माझ्या घरातच सगळी विशेषणं हजर आहेत. आई पितळी पळी पुसत होती. पुसून झाल्यावर पळी मांडणीवर गेली नाही, पदराखाली गेली, आणि तिथून कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेत. सरेप्टिशस. मोठी आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "कुळथाचा पीठ वरच्या डब्यात काढून ठेवलाय." आई म्हणाली, "कोकमं?" मोठी आई म्हणाली, "तीपन." मला बघून दोघी गप्प झाल्या आणि एकमेकींकडे बघून इतकंसं हसल्या. ते हसू कुठलं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी घाबरले. सरांच्या पुस्तकांत असं हसणाऱ्या माणसांचा शेवट कधी चांगला झालेला नव्हता. त्या दिवसापासून मी घरात हेरगिरी करू लागले. ट्रंकेत पीठ मळायची लहान काथवट गेली, मसाल्याचा डबा गेला, माझा हिवाळी स्वेटर गेला. याचा अर्थ मीही त्या कटात होते आणि मला पत्ता नव्हता. शेवटी न राहवून मी मोठ्या आईला विचारलं. ती काजूच्या बिया फोडत होती. चिकाने तिची बोटं काळी झाली होती. तिने पडवीकडे पाहिलं, अण्णा नाहीत याची खात्री केली आणि म्हणाली, "तुज्या बापसान खोली घेतलान हाय. सोताची. शिमगा झाला की तुजी आई येळणेश्वराला म्हायेरी जायला म्हनून निघनार आनि तिथनं थेट मुंबईची गाडी." मी विचारलं, "आणि मी?" ती म्हणाली, "तूपन." मग तिने पुढची बी इतक्या जोरात फोडली की आतला गरच चुरला.

दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत सरांना गाठलं. विचारलं, "सर, एखाद्याने वाईट काही केलं नाही, फक्त लपवून केलं, तर कुठलं विशेषण लावायचं?" सर डबा खात होते. सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा वास येत होता. त्यांनी घास थांबवला. "आहे ना," ते म्हणाले, "डिस्क्रीट. पण ते मोठ्या घरच्यांचं. साहेबाने गुपचूप केलं की डिस्क्रीट, त्याच्या खानसाम्याने तेच केलं की फर्टिव्ह. मी दोन्ही बघितलंय." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला, "घरी काय आहे का, बेटी?" मी नाही म्हणाले आणि पळाले.

पुढे आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं आणि ही विशेषणं पोरांना समजावताना दर वेळी मला अडखळायला झालं. कोशात अर्थ बरोबर असतात. पण ही सगळी विशेषणं पहारेकऱ्याच्या बाजूने केलेली आहेत असं माझं मत होत गेलं. ज्याला हवं ते मोठ्याने मागता येतं त्याच्यावर ती चिकटतच नाहीत. आमच्या घरात अण्णांना एकही विशेषण लागत नव्हतं, आणि आईला सगळी लागत होती. ती कट करत होती म्हणून कुजबुजत होती असं नाही. तिला कुजबुजीखेरीज दुसरी भाषाच दिलेली नव्हती. हे मला आता कळतं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की अण्णांना पत्ता लागला तर आईला जाऊ देणार नाहीत.

शिमग्याला वडील आले. येताना खोलीची किल्ली घेऊन आले. ती आईने एकदा हातात घेऊन पाहिली आणि परत त्यांना दिली. पण आल्या आल्या त्यांनी आईचा बेत मोडला. "असा चोरून न्यायाचा नाय," ते म्हणाले, "अण्णाला सांगून नेईन." आईने विचारलं, "कधी?" ते म्हणाले, "सांगतो." आणि मग सांगणं राहतच गेलं. अण्णांनी विचारावं, "काय चाललाय मुंबयला?" वडिलांनी म्हणावं, "चाललाय." की संपलं. दोघे भाऊ पडवीत बसून एकाच चंचीतलं पान खायचे. वडील मधेच घसा साफ करायचे, आई दाराआड श्वास धरून उभी राहायची, आणि वडील म्हणायचे, "औंदा आंब्याला मोहर बरा हाय." मला त्यांचा इतका राग यायचा की मी जाऊन विहिरीवर बसायचे. आमच्या दारी पालखी यायचा दिवस उजाडला तरी त्यांचं तोंड उघडलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. आईने सकाळी ट्रंकेतून माझा स्वेटर काढला आणि पुन्हा दांडीवर टाकला. तिने तो कसा टाकला ते मला दिसलं.

पालखी घरी येते म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगायला हवं. ग्रामदेवता वर्षातून एकदा, शिमग्याला, देवळातून निघून प्रत्येकाच्या अंगणात येऊन बसते. ढोल थांबतो, सुवासिनी देवीची ओटी भरतात, आणि गुरव त्या घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. घरची अडचण, घरचं मागणं, तो खड्या आवाजात देवाला सांगतो आणि जमलेली सगळी वाडी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देते. आमच्या गावात नेम असा की गाऱ्हाणं मोघम घालायचं नाही. नाव घेऊन, काम सांगून घालायचं, नाहीतर देव ऐकत नाही. आणि घरच्या कर्त्या पुरुषाने पालखीपुढे हात जोडून उभं राहायचं. त्याचा होकार आला नाही तर गाऱ्हाणं अडतं, नि तो एकदा आला की मागे घेता येत नाही.

त्या दुपारी आमचं अंगण सारवून लख्ख केलेलं होतं. पुरणाचा आणि शेणाचा वास एकत्र येत होता. पालखी टेकली, धूळ खाली बसली. आई ओटीचं तबक घेऊन पुढे गेली. मोठी आई तिच्या मागे. देवीची ओटी भरून झाल्यावर आई लगेच मागे फिरली नाही. नारळ द्यायचं निमित्त करून ती गुणाजी गुरवाच्या जवळ गेली, पदर तोंडाशी धरला आणि काहीतरी बोलली. लांबलचक बोलली. गुणाजीने एकदा अण्णांकडे बघितलं. आई परत येऊन खांबाला टेकून उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. 

गुणाजीने नारळ दोन्ही हातांत धरला. "बा देवा म्हाराजा! आज सालाबादपरमानं तू या आंगनात येऊन बसलास!"

"व्हय म्हाराजा!"

"या घरची गुराढोरा, पोराबाळा, मुंबैकर चाकरमानी, सगल्यांची राखन कर!"

"व्हय म्हाराजा!"

"या घरची थोरली सून दर शिमग्याला तुज्याजवल पदर पसरता. तिच्या पोटी तुजा एक फूल घाल!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली. मोठी आई मान खाली घालून उभी होती. हे दरवर्षीचं होतं. म्हणूनच कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, मीही नाही.

"आनि या घरची धाकटी सून," गुणाजीचा आवाज चढला, "आपल्या घोवाच्या पाठीमागं मुंबयला बिऱ्हाड करूक निघालीय. त्यानं खोली घेतलान हाय. तिचा पाऊल सुखरूप पडू दे, आनि थोरल्या घराचा नि तिच्या घराचा जीव एक ऱ्हाऊ दे, म्हाराजा!"

 ढोलकऱ्याच्या हातातली काठी ढोलावर घसरली तेवढाच आवाज. सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. वडील जमिनीकडे बघत होते, ते काही वर बघेनात. अण्णांचे हात जोडलेले होते, ते तसेच राहिले, पण मानेवरची शीर फुगलेली मला बाजूने दिसत होती. मी मनात म्हणत होते, बोला, बोला, बोला. ते नाही म्हणाले असते तर गुणाजीने नारळ खाली ठेवला असता, पालखी तशीच उठली असती आणि आई त्या घरात पुन्हा कधी मान वर करून चालू शकली नसती. वाऱ्याने दांडीवरचे कपडे हलत होते. गुणाजीने नारळ तसाच धरून ठेवला होता. 

अण्णांनी आईकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे असं सरळ बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. आईनेही नजर खाली घेतली नाही. मग अण्णा पालखीकडे वळले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

वाडी त्यांच्या मागून गरजली. ढोल सुरू झाला, पालखी नाचवणाऱ्यांनी ती खांद्यावर उचलली. वडील रडत होते आणि ते लपवायला पालखी नाचवणाऱ्यांत शिरले. आई खाली बसली. पुढे म्हातारपणी तिला मी विचारलं की गुणाजीला नेमकं काय सांगितलंस. ती म्हणाली, "सगला सांगितला. खोलीसकट. तुज्या बापसाच्या तोंडात शब्द नव्हता, माज्या तोंडाला परवानगी नव्हती. गुरवाला दोनी होता." एवढं सांगून ती खूप हसली. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि अजून वाटतो.

पण त्या दिवशीचं पुढचं आहे. ऊन कलल्यावर दोघी जावा मागच्या दारी भांडी घासायला बसल्या. मी पाणी देत होते. आईचा हात भरभर चालत होता, चेहरा उजळला होता. ती म्हणाली, "वयनी, देवान ऐकलान गो." मोठ्या आईने राखेचा हात तांब्यावर फिरवला, पुन्हा फिरवला. तांब्या केव्हाच घासून झाला होता. मग ती नेहमीच्याच दबक्या आवाजात म्हणाली, "तुजा गाराना एकदाच घातला, तो लागला. माजा दर शिमग्याला घालतत."

आई थांबली. मी दोघींकडे बघत होते. मोठ्या आईने हे तक्रारीने म्हटलं नव्हतं, हेवाही नव्हता त्यात. तिने आईला पदराखालची पळी लपवू दिली होती, कुळथाचं पीठ काढून दिलं होतं, सगळ्यात ती सामील होती. मला वाटतं, आम्ही खरंच जाऊ असं तिला कधी वाटलंच नसावं. आईने राखेत बोटाने एक रेघ ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिची शाळा मधीच कशाला तोडायची? ऱ्हाऊ दे तुज्यापाशी. म्याट्रिक होईस्तोवर."  मोठ्या आईने ओला हात लुगड्याला पुसला आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

मला कुणी विचारलं नाही. मी तिथेच, हातात कळशी घेऊन उभी होते. दोघींनी खाली माना घालून माझी वाटणी करून टाकली, आणि ती इतक्या प्रेमाने केली की भांडायला जागाच ठेवली नाही. मला मुंबई बघायची होती. मला आई हवी होती. मी आईवर रागावले आणि तो राग किती तरी वर्षं गेला नाही. ती बरोबर होती हे पटल्यावरही नाही.

सकाळी एसटीच्या थांब्यावर अण्णांनी स्वतः ट्रंक टपावर चढवली. वडील खिडकीशी बसले, आई त्यांच्या पलीकडे. गाडी निघाली तशी आई वडिलांच्या अंगावरून वाकून बाहेर बघू लागली. तोंड उघडलं, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मला धावायचं होतं. मोठ्या आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिची बांगडी रुतत होती. दुखतंय, सोड, असं म्हणायला मी वळले, तर ती गाडीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि इतकी घाबरलेली होती की मी मनगट तसंच तिच्या हातात राहू दिलं.